उतारावर मोजलेलं तेल



सातवीच्या घटक चाचणीत मी एक प्रश्न विचारला होता. 'मोजपात्राने द्रवाचे आकारमान मोजताना कोणती काळजी घ्याल?' गुण दोन. वर्गातल्या एका मुलाने अगदी नेमकं उत्तर लिहिलं : मोजपात्र सपाट पृष्ठभागावर ठेवावे, द्रव स्थिर होऊ द्यावा, डोळे द्रवाच्या पातळीच्या रेषेत ठेवावेत. मी दोनपैकी दोन गुण दिले आणि पुढची वही उघडली.

त्याच पावसाळ्यात त्या मुलाच्या वडिलांच्या ट्रकचं इंजिन गेलं. का गेलं, ते कळल्यावर मला त्या दोन गुणांची लाज वाटली. आजचा लेख त्याबद्दल आहे. विषय ट्रकच्या इंजिन ऑइलचा आहे, पण शेवटपर्यंत वाचा. तो आपल्या शिकवण्याचाही आहे.

काय झालं?

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, डोंगराच्या पायथ्याला. या मुलाचं घर वस्तीवर, चढावर. वडिलांचा स्वतःचा जुना सहाचाकी ट्रक. तोच मालक, तोच ड्रायव्हर. जाताना भाजीपाला किंवा गूळ, येताना पुण्याहून सिमेंट, खत, जे मिळेल ते. बॅटरी जुनी झालेली. त्यामुळे गाडी नेहमी घरासमोर तोंड उताराकडे करून लावायची. सकाळी सेल्फ लागला नाही तर उतारावर सोडून चालू करता येते, हा साधा हिशेब. असं कितीतरी जण करतात.

आता महत्त्वाची गोष्ट सांगतो. हे गृहस्थ निष्काळजी नव्हते. रोज सकाळी गाडी चालू करण्याआधी ते ऑइल बघायचे. डिपस्टिक, म्हणजे ड्रायव्हर लोक जिला 'ऑइलची पट्टी' किंवा नुसतं 'गेज' म्हणतात ती, बाहेर काढायची, पुसायची, परत घालायची, काढून बघायची. ऑइल वरच्या खुणेजवळ दिसायचं. 'ऑइल ओके' म्हणून गाडी निघायची. मुलगा कधी कधी शेजारी उभा असायचा. पट्टी पुसायचं फडकं त्याच्या हातात असायचं.

पण गाडी उतारावर उभी. पट्टीची नळी इंजिनाच्या पुढच्या बाजूला. इंजिनाच्या तळाशी ऑइलची जी टाकी असते, जिला गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात, तिच्यातलं ऑइल उताराकडे, म्हणजे पुढे गोळा व्हायचं. त्यामुळे पट्टीवर ऑइल जास्त दिसायचं. इकडे क्रँकच्या मागच्या बाजूचं ऑइल सील झिरपत होतं. रोज थोडं थोडं. उन्हाळ्यात जमिनीवर काळा डाग दिसला असता. पावसाळ्यात तो वाहून जायचा.

पुण्याहून साताऱ्याकडे भरलेली गाडी घेऊन येताना खंबाटकी घाटाच्या चढाला ऑइलचा लाल दिवा लागला. लागला आणि विझला. पुढच्या वळणावर परत लागला. पावसात वायरिंगमध्ये पाणी गेलं असेल असं त्यांना वाटलं. सकाळीच तर ऑइल बघितलं होतं ना! 'घाट चढून गेलो की बघू' म्हणून गाडी चालू ठेवली. मग दिवा विझेना, इंजिनातून टकटक आवाज यायला लागला आणि थोड्या वेळात इंजिन जाम झालं. मिस्त्रींनी खोलल्यावर क्रँकची बेअरिंगं जळालेली निघाली.

खर्च दीड लाखाच्या वर गेला. पतसंस्थेचं कर्ज काढावं लागलं. गाडी दोन महिने उभी, म्हणजे दोन महिने घरात पैसा नाही. मुलाच्या मोठ्या बहिणीचा नर्सिंगचा प्रवेश त्या वर्षी राहिला.

शाळेत आला तेव्हा मी त्याला विचारलं. त्याने सगळं सांगितलं, मिस्त्री काय म्हणाले तेही सांगितलं. आणि शेवटी म्हणाला, "सर, सपाट जागेवर ठेवावे, हे मी पेपरात बरोबर लिहिलं होतं."

मी काय बोलणार?

इंजिनाला ऑइल कशासाठी?

आपल्यापैकी बरेच जण गाडी चालवतात, पण ऑइल नेमकं काय करतं ते सांगता येत नाही. थोडक्यात बघू.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. हवा तिच्या मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या-अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. दाबाने ती इतकी तापते की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेल यांनी जर्मनीत १८९७ साली यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनाचं तत्त्व हेच. एवढा दाब पिस्टनवर, पिस्टनमधून क्रँकवर आणि क्रँकच्या बेअरिंगवर येतो. तिथे धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये ऑइलचा केसाहूनही पातळ थर असतो. त्या थरावर सगळं इंजिन तरंगत असतं म्हणा ना! याशिवाय ऑइल उष्णता वाहून नेतं, काजळी आणि कचरा धरून ठेवतं, गंज रोखतं.

हे ऑइल चेंबरमधून पंप ओढून घेतो. ऑइल कमी झालं आणि गाडी चढावर किंवा वळणावर कलली की पंपाच्या तोंडाशी ऑइलऐवजी हवा येते. मग थर तुटतो. घाटात दिवा लागत-विझत होता तो यामुळे. तो दिवा ऑइलचा दाब सांगतो, ऑइल किती आहे ते सांगत नाही. दाबाचा दिवा लागला तेव्हा उशीर झालेलाच असतो. चालत्या गाडीत तो लागला तर सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. 'घाट चढून बघू' नाही.

कमी वाईट, जास्तही वाईट

आपल्याकडे एक समज असतो. चार थेंब जास्त असलेले बरे. तूप, मीठ, खत, औषध, सगळीकडे हाच समज. इंजिन ऑइलच्या बाबतीत तो चुकीचा आहे. पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर गेली तर फिरणारा क्रँक ऑइलमध्ये आपटतो, ताक घुसळल्यासारखा फेस होतो. पंप तो फेस ओढतो आणि फेसाने बेअरिंगचं रक्षण होत नाही. सीलवर ताण येतो, गळती सुरू होते. डिझेल इंजिनात आणखी एक धोका आहे. जास्तीचं ऑइल हवा ओढण्याच्या मार्गात शिरलं तर ते इंधनासारखं जळतं. मग चावी बंद केली तरी इंजिन आपोआप पळत सुटू शकतं.

म्हणूनच पट्टीवर दोन खुणा असतात. पातळी त्या दोन खुणांच्या मध्ये हवी. 'भरपूर' नाही, 'थोडं'ही नाही. मुलांना 'मर्यादा' हा शब्द शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

बरोबर मोजायचं कसं?

ही पद्धत घरी पिकअप, ट्रॅक्टर, टेम्पो असणाऱ्या पालकांनाही उपयोगी पडेल. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत थोडा फरक असतो. पुस्तिकेत लिहिलंय तेच अंतिम.

१. गाडी सपाट जागेवर उभी करा. घरासमोर उतार असेल तर आधी गाडी सपाटीवर न्या, मग ऑइल बघा. हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रल करा, चाकाला दगड लावा.

२. इंजिन बंद करून थांबा. चालू इंजिनात बरंच ऑइल वर फिरत असतं, ते चेंबरमध्ये उतरायला वेळ लागतो. साधारण दहा-पंधरा मिनिटं धरा. लगेच बघितलं तर पातळी कमी दिसते, आपण उगाच ऑइल ओततो आणि जास्त होतं. सकाळी पहिल्यांदा चालू करण्याआधी बघणं सगळ्यात सोपं, पण जागा सपाट हवी.

३. पट्टी काढून स्वच्छ सुती फडक्याने पुसा. दोरे सुटणारं फडकं नको. पट्टी पूर्ण आत बसवा, परत काढा आणि दोन्ही बाजू बघा. दोन बाजूंवर वेगळं दिसलं तर कमी दिसणारी बाजू धरा आणि पुन्हा एकदा तपासा.

४. पातळी खालच्या खुणेजवळ असेल तरच ऑइल टाका. एकदम ओतू नका. थोडं टाका, काही मिनिटं थांबा, परत मोजा. झाकण आणि पट्टी घट्ट बसवा.

५. ऑइल कोणतं टाकायचं ते पुस्तिकेत बघा. डब्यावर '१५डब्ल्यू-४०' असं लिहिलेलं असतं, ते घट्टपणाचं मोजमाप. त्याशिवाय दर्जाचा संकेत असतो, 'सीआय-४', 'सीके-४' असा. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. तिला कमी राख सोडणारं ऑइल लागतं. शेजाऱ्याने दिलेला उरलेला डबा ओतू नये तो यासाठी.

६. वहीत लिहा. तारीख, किलोमीटर, पातळी, किती ऑइल टाकलं. बस, एवढंच.

आणखी दोन गोष्टी नजरेला शिकवाव्या लागतात. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ऑइल काजळी धरून ठेवतंय, म्हणजे आपलं काम करतंय. पण ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं तर त्यात पाणी गेलेलं असू शकतं. आणि आपण काही न टाकता पातळी वाढली तर आनंद मानू नका. बाहेरून काहीतरी, बहुधा डिझेल किंवा कूलंट, आत येतंय. पट्टीचा वास घ्या. डिझेलचा वास आला, ऑइल पातळ लागलं, तर गाडी तशीच चालवू नका, मिस्त्रींना दाखवा.

मग शाळेचं काय चुकलं?

काही जण म्हणतील, वडिलांची चूक झाली, त्यात गुरुजींचा काय संबंध? संबंध आहे. ज्याला नियम माहीत होता तो मुलगा रोज त्या पट्टीशेजारी उभा होता. त्याच्या डोक्यात मोजपात्र विज्ञानाच्या वहीत होतं आणि ऑइलची पट्टी घरच्या ट्रकमध्ये. या दोन्ही एकच गोष्टी आहेत, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ते सांगणं माझं काम होतं.

आपण नियम शिकवतो, व्याख्या पाठ करून घेतो, गुण देतो. मुलगा ते ज्ञान घराच्या उंबऱ्यापलीकडे नेतो का, हे तपासत नाही. वडील रोज मोजत होते, पण सपाट जागा कशासाठी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुलाला ते ठाऊक होतं, पण त्याने कधी मोजलं नव्हतं. एका घरात दोघे मिळून पूर्ण ज्ञान होतं आणि तरी इंजिन गेलं.

आणि माझं स्पष्ट मत आहे, यामागे लाजही आहे. 'वडील काय करतात?' विचारलं की ट्रक ड्रायव्हरचं पोर खाली बघतं. कारण अभ्यास केला नाहीस तर ड्रायव्हर होशील, असं आपणच वर्गात म्हणतो. मीही म्हटलेलं आहे. ज्या कामाची भीती घालून आपण अभ्यास करून घेतो, त्या कामात विज्ञान आहे हे मुलाला कसं वाटणार?

महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीम मांडली. हाताच्या कामातून शिक्षण, हा तिचा गाभा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावं असं म्हटलंय. कागद आपल्याकडे आहेत. गावात मिस्त्री, ड्रायव्हर, ट्रॅक्टरवाले आहेत. दोन्हींची गाठ घालायची राहिली आहे.

'पण सर...'

पहिला आक्षेप : आता नव्या गाड्यांत सेन्सर आहेत, स्क्रीनवर सगळं दिसतं. खरं आहे. काही गाड्यांत ऑइलची पातळीही दिसते. पण सेन्सरलाही गाडी सपाट आणि ऑइल स्थिर लागतं. यंत्राने दाखवलेला आकडा कोणत्या परिस्थितीतला, हा प्रश्न संपत नाही. शिवाय रस्त्यावर जुन्या गाड्या अजून भरपूर आहेत.

दुसरा आक्षेप : अभ्यासक्रम संपत नाही, हे कधी करायचं? हा वेगळा धडा नाहीच. मापन आहे, आलेख आहे, घर्षण आहे. आहे त्या तासिकेत उदाहरण बदलायचं आहे.

तिसरा आक्षेप पालकांचा असतो : आमच्या मुलाला कुठं ड्रायव्हर व्हायचंय? नसेल व्हायचं. पण डॉक्टर झाला तर रक्तदाब मोजेल. रुग्ण जिना चढून आल्या आल्या दाब मोजायचा नाही, आधी त्याला थोडं बसू द्यायचं. नियम तोच आहे.

वर्गात करून पाहा

आम्ही हे केलं. सरळ बाजूंचा, साधारण ३० सेंटिमीटर लांब पारदर्शक डबा घ्या. त्यात ४ सेंटिमीटर खोल रंगीत पाणी घाला. दोन्ही टोकांना आणि मधोमध पट्टीने खोली मोजा. मग डब्याच्या एका टोकाखाली ३ सेंटिमीटर जाडीची पुस्तकं ठेवून परत मोजा. एका टोकाला साधारण साडेपाच, दुसऱ्या टोकाला अडीच, आणि मधोमध जवळजवळ चारच. पाणी एक थेंबही वाढलं-घटलं नाही. मुलांना विचारा, पाणी किती आहे? जी गडबड होते ती होऊ द्या. धडा तिथेच होतो.

दुसरा उपक्रम वहीचा. समजा, एका गाडीला आधी ४००० किलोमीटरमध्ये एक लिटर ऑइल टाकावं लागलं, नंतर २५०० मध्ये, मग १२०० मध्ये. प्रत्येक वेळी पट्टीवर पातळी ठीकच होती. मग बिघाड कुठे दिसतो? फक्त वहीत दिसतो. मुलांना दर हजार किलोमीटरला किती ऑइल लागलं ते काढायला सांगा, आलेख काढायला सांगा.

प्रत्यक्ष गाडीजवळ नेणार असाल तर इंजिन थंड असू द्या, मोठं माणूस सोबत असू द्या, उचललेल्या केबिनखाली मुलांना जाऊ देऊ नका. पुसलेलं ऑइल आणि जुनं ऑइल ओढ्यात किंवा मातीत टाकायचं नाही, हेही त्याच वेळी सांगा.

त्या मुलाच्या वडिलांना मी शाळेत बोलावलं. "मी काय शिकवणार गुरुजी, मी आठवी पास," असं म्हणत तीनदा टाळलं. शेवटी आले. शाळेसमोरच्या सपाट मैदानात ट्रक उभा केला, पट्टी काढली आणि आपली चूक स्वतःच्या तोंडाने पोरांना सांगितली. उतारावर पट्टी बघत होतो, रोज बघत होतो, तरी चुकलो, असं म्हणाले. एका मुलीने विचारलं, "काका, मग आता गाडी कुठं बघता?" ते म्हणाले, "आधी देवळापुढच्या फरशीवर आणतो, मग बघतो." त्यांच्या मुलाने त्या दिवशी फडकं धरलं होतं आणि आकडा तोच वाचून सांगत होता.

बहिणीला पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. एक वर्ष मात्र गेलंच.

शिक्षक मित्रांनो, पुढच्या वेळी मोजपात्राचा प्रश्न काढाल तेव्हा त्याखाली एक ओळ वाढवा : 'तुमच्या घरी किंवा गावात हाच नियम कुठे लागू पडतो?' त्या ओळीला दोन गुण ठेवा. पालकहो, तुमच्या गाडीचं ऑइल बघताना पोराला शेजारी नुसतं उभं करू नका. पट्टी त्याच्या हातात द्या, आणि आधी त्याला विचारा, "गाडी सपाटीवर आहे का रे?"